‘पुढे’ नावाचं बटण

समीक्षकबाईंना माफी मागायला कुणीही सांगितलेलं नव्हतं. उलट संपादकांच्या मते आपण जिंकलो होतो.

“अहो बाई, कंपनीनं शेवट बदलला!” ते फोनवर इतक्या जोरात ओरडले, की बाईंनी फोन कानापासून वीतभर लांब धरला. “तुमच्यामुळे! आता तुम्हीच तो खेळून बघा आणि पुन्हा लिहा. ‘सुधारित शेवटाचं पुनर्मूल्यांकन.’ संध्याकाळी सहाला टाकायचंय. आणि या वेळी आकडा जरा बरा द्या हो. त्यांनी आपलं ऐकलंय, आपण पण थोडं मन मोठं करू.”

बाईंचं मन मोठं आहे अशी तक्रार आजवर कुणाची आलेली नव्हती. चौदा वर्षं त्या व्हिडिओ गेमच्या समीक्षा लिहीत होत्या. दहापैकी गुण द्यायच्या, आणि सातच्या वर जायची वेळ आली की स्वतःच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघायच्या. वाचक त्यांना ‘खवट मावशी’ म्हणायचे. बाईंना त्यातलं खवट आवडायचं, मावशी नाही.

ज्या गेमचा शेवट बदलला होता त्याचं नाव ‘निरोप्या’. ओस पडत चाललेल्या डोंगराळ मुलखात एक माणूस दारोदार निरोप पोचवत हिंडतो. कुणाच्या मुलाचा, कुणाच्या भांडून गेलेल्या भावाचा. असे चाळीस तास. शेवटचा निरोप त्याचा स्वतःचा असतो, स्वतःच्या आईसाठी. तो आपल्या घरी येतो, दार वाजवतो, आतून “कोण?” असा आवाज येतो, आणि पडदा काळा. संपलं. त्यानंतर चहावाल्यापर्यंत सगळ्यांची नावं.

वर्षापूर्वी बाईंनी या शेवटावर असं काही तोंडसुख घेतलं होतं, की लोक ते अजून एकमेकांना पाठवत होते. ‘चाळीस तास तंगडतोड केल्यावर आमच्या पदरात काय, तर एक बंद दार. लेखकाला मध्येच जेवायला हाक आली असावी. आणि तो दाराआडचा “कोण?” तर इतका खरखरीत आणि कंटाळलेला, की राँग नंबर लागला असं वाटून फोन ठेवावा.’ दहापैकी चार. त्या चारानं कंपनीची झोप उडवली. साठ हजार लोकांनी सह्या केल्या, शेवट बदला म्हणून. साठ हजारांतल्या किती जणांनी गेम विकत घेतला होता, हे विचारायचं नसतं.

बाईंचा धाकटा भाऊ पहिल्यापासून त्याच कंपनीत कामाला होता. घरात त्याला घुम्या म्हणायचे, कारण त्याच्या तोंडातून शब्द काढायचा तर पकड घेऊन बसावं लागे. त्यानं सांगितलं होतं, “मी किरकोळ लिहितो. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या, रस्त्यातल्या पाट्या.” बाईंनी हे संपादकांच्या कानावर घातलं होतं. ते म्हणाले होते, “पाट्यांना आपण गुण देतो का? मग झालं तर.” समीक्षा छापून आल्यावर घुम्यानं फोन करून “वाचलं” असं म्हटलं होतं. त्याच्या मानानं ते भाषणच झालं.

आई त्याच्याकडे राहायची. तीही अलीकडे फोनवर दोन वाक्यांत आटपायची. “जेवलीस का? बरं, ठेवते.” तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून गावाचं बोलणं जोडून दिलेली बाई, पूर्वी एकदा लागली की तासभर सुटायची नाही. बाईंनी वयाच्या नावावर ते ढकलून दिलं होतं. आपल्याला वेळ नसला की दुसऱ्याचं वय झालेलं असतं, हे एक सोयीचं असतं.

तर बाईंनी कॉफी केली, वही घेतली, आणि नवा शेवट लावला.

निरोप्यानं दार वाजवलं. दार धाडकन उघडलं. आत आई, चाळिशीसुद्धा न गाठलेली, केस जाहिरातीतल्यासारखे. तिच्यामागे चाळीस तासांत भेटलेली झाडून सगळी माणसं ओळीत उभी. भांडलेले भाऊ गळ्यात गळे घालून. खलनायक खाली मान घालून “चुकलं माझं” म्हणतोय. तिसऱ्या तासाला मेलेला कुत्रा शेपटी हलवतोय, आणि तो मेला होता याचं कुणालाच काही वाटत नाहीये. मागे दोनशे व्हायोलिनं. मग आई बोलायला लागली ती नऊ मिनिटं. “तू नुसते निरोप आणले नाहीस बाळा, तू माणसं जोडलीस.” कुणाला कळलं नसेल तर आणखी दोनदा.

समीक्षेत बाईंनी तक्रार केली होती, ‘दुसऱ्या प्रकरणातली घंटा कोण वाजवतं, ते शेवटपर्यंत कळत नाही.’ नव्या शेवटातली आई मध्येच डोळे पुसून म्हणाली, “आणि हो, ती घंटा मीच वाजवत होते.”

“अगं बाई गं,” समीक्षकबाई एकट्याच म्हणाल्या.

त्यांनी जुनी समीक्षा काढून शेजारी ठेवली. अकरा तक्रारी होत्या. अकराच्या अकरा निवारल्या होत्या, त्याच क्रमानं. शिंप्यानं तुम्ही सांगितलेलं माप एक सूतही इकडेतिकडे न करता शिवून आणावं, आणि ते तुम्हाला आरशात दिसावं, तसं झालं. इतकं भिकार काही त्यांनी वर्षात पाहिलं नव्हतं, आणि ते सगळं त्यांनी स्वतः मागितलेलं होतं.

संपादकांनी मेसेज टाकला: ‘नऊ?’ आणि पुढे जोडलेले हात.

पुनर्मूल्यांकन करायचं तर जुना शेवट पुन्हा बघायला हवा होता. पण अपडेट आल्यावर तो सगळ्यांकडून पुसला गेला होता. बाईंच्या कपाटात मात्र गेम खेळायचं जुनं मशीन पडून होतं, वर्षभर इंटरनेटला न जोडलेलं. त्याच्यावर अजून जुनाच गेम होता. बाईंनी ते टीव्हीला लावलं, धूळ फुंकली, आणि चाळिसाव्या तासापाशी गेल्या.

निरोप्यानं दार वाजवलं. आतून “कोण?” आलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीकसा बाण उमटला, ‘पुढे’.

बाईंचा अंगठा त्या बटणावर होताच. तो कायमच असायचा. समीक्षकाच्या अंगठ्याला संवाद वाचायची सवय नसते, दाबायची असते. पण तेवढ्यात त्यांच्याच घराची बेल वाजली. चार दिवस “आत्ता येतो” म्हणणारा प्लंबर आज खरोखर आला होता. अशा माणसाला दारात उभं ठेवायची हिंमत बाईंमध्येसुद्धा नव्हती. त्यांनी कंट्रोलर सोफ्यावर टाकला आणि पळाल्या.

स्वयंपाकघरातल्या नळाखाली वाकून प्लंबरनं निदान केलं. “वायसर गेलाय.”

“ते मला पण माहितीय. चार दिवसांपूर्वी मीच तुम्हाला सांगितलं.”

“मग बरोबर सांगितलंत,” तो म्हणाला आणि पिशवीत हात घालून शोधत बसला. थोड्या वेळानं त्यानं मान वर केली. “मॅडम, बाहेर आजी उठल्यात वाटतं. दार उघडायला चालल्यात. पडतील हं एखाद्या वेळेला.”

“कोण आजी? घरात कुणी नाहीये.”

“हाका मारतायत की.”

बाईंनी कान दिला. हॉलमधून सपातांचा घसटत येणारा आवाज येत होता. मग कुणीतरी म्हणालं, “आले, आले. अगं बाई, हा चष्मा मेला गेला कुठं? आत्ता इथं होता की रे तू.”

चष्म्याला हरवलेल्या पोरासारखं रागावणारी जगात एकच बाई होती. समीक्षकबाई पाना ओलांडून, बादली ओलांडून हॉलमध्ये धावल्या. हॉल रिकामा होता. टीव्हीवर ते बंद दार होतं, आणि दारापलीकडे त्यांची आई चालत होती.

ती सावकाश येत होती. मध्ये थांबली, खुर्ची कुरकुरली, बसली वाटतं. धाप टाकत स्वतःशीच म्हणाली, “या वेळेला कोण असणार? पोस्टमन नव्हे, तो दोनदा वाजवतो.” पुन्हा उठली. भिंतीला हात घासला गेला. “जाऊ नका हं,” ती दाराकडे तोंड करून म्हणाली. “मला वेळ लागतो. पण मी येते.”

बाई उभ्याच्या उभ्या राहिल्या. कंट्रोलरला हात लावायची त्यांना भीती वाटत होती.

पूर्ण सात मिनिटं लागली. कडी निघाली, दार उघडलं. एक म्हातारी, चष्मा कपाळावर. तिनं निरोप्याकडे पाहिलं. “तू होय? मग बोलायचं नाही का!” निरोप्यानं खिशातून कागद काढला. “ते नंतर,” ती म्हणाली. “आधी आत ये.” आणि तो कागद शेवटपर्यंत कुणी वाचला नाही.

“मॅडम, झालं,” प्लंबर मागे येऊन उभा होता. टीव्हीकडे बघत म्हणाला, “चांगली आहे हो सिरियल. आपल्या घरातल्यासारखी वाटते.”

चौदा वर्षांत इतकी नेमकी समीक्षा बाईंना जमली नव्हती. प्लंबर गेल्यावर त्यांनी भावाला फोन लावला.

“घुम्या, ती आई आहे.”

“हो.”

“जुना शेवट तू लिहिलायस.”

“हो.”

“हो हो काय करतोस! मला पडदा काळा दिसला होता. ‘कोण’ झालं आणि गेम संपला!”

“तू पुढे दाबलंस म्हणून.” मग त्यानं आयुष्यातली बहुधा सगळ्यात लांब वाक्यं बोलून दाखवली. “थांबलं की आई येते. पुढे दाबलं की निरोप्या वळून निघून जातो. पडदा काळा होतो तो त्याची पाठ वळते म्हणून. आमच्याकडे आकडे येतात, ताई. लाखभर लोकांत एकशे बारा जण थांबले. त्यातले शंभर पाणी प्यायला उठले असतील.”

बाईंना आठवलं. एका वाचकानं पत्र पाठवलं होतं, ‘दाराशी जरा थांबून बघा.’ त्यांनी उत्तर छापलं होतं, ‘अजून किती?’ त्या उत्तरालाही बरीच दाद मिळाली होती.

“मला आधी सांगायचंस ना रे.”

“आधी सांगितलं असतं तर वशिला झाला असता. आणि सांगून थांबवलं तर ते थांबणं कसलं?”

“मग नंतर तरी?”

“नंतर काय सांगू? आमचा साहेब म्हणाला, समजावून सांगावा लागतो तो शेवटच नव्हे. बदला. मग मीच बदलला. तुझी समीक्षा भिंतीवर चिकटवली होती. एकेक मुद्दा खोडत गेलो.”

“तो नवा शेवट कसला भिकार आहे रे!”

“माहितीय,” घुम्या शांतपणे म्हणाला. “दे त्याला नऊ. सगळे सुटतील.”

बाईंनी सगळ्यात अवघड प्रश्न शेवटाला ठेवला होता. “आईला काय सांगितलंस तू?”

मग तो म्हणाला, “तू सगळं ऐकलंस आणि तुला आवडलं नाही, असं. बंद दार वगैरे नुसता टोमणा, म्हटलं.”

“असं का सांगितलंस?”

“आवडलं नाही, हे आईला चालतं. थांबली नाही, हे चाललं नसतं.”

बाईंनी फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला. चार वाजले होते. नऊ द्यायला पाच मिनिटं पुरली असती. कंपनी खूश, संपादक खूश, घुम्याची नोकरी पक्की. आईच्या मनातही लेक चिकित्सक एवढंच राहिलं असतं, बेपर्वा असं कुणी म्हटलं नसतं. सगळ्यांचं भलं होत होतं. फक्त ती सात मिनिटं कपाटातल्या एका जुन्या मशिनात मरून गेली असती.

बाईंनी लिहिलं, ‘मी हा शेवट पाहिलाच नव्हता.’ मग पुढचं आपोआप आलं. बटणाचं, अंगठ्याचं, अकरा तक्रारींचं. कुणावर एकही टोमणा न मारता त्यांनी नऊशे शब्द लिहिले. एरवी एवढ्यात त्यांनी चार कंपन्या झोपवल्या असत्या.

संपादकांचा फोन दहा मिनिटांत आला. “बाई, हे काय लिहिलंत? समीक्षकानं असं कबूल करायचं असतं का? लोक काय म्हणतील?”

“एकदाचं खरं म्हणतील.”

“आणि गुण कुठायत?”

“गुण नाहीयेत. तुम्हाला घालायचेच असतील तर माझ्या जुन्या समीक्षेला घाला, हवे तेवढे कमी.”

“सहाला टाकतोय बघा,” संपादक धमकावल्यासारखे म्हणाले. खरं तर मजकूर चालणार हे त्यांना पहिल्या ओळीलाच कळलं होतं.

म्हणजे सहाला आई वाचणार. लेकीचं एकूण एक लिखाण ती फोनवर अक्षरं मोठी करकरून वाचायची. तिला छापून आल्यावर कळण्याआधी आपण सांगायला हवं. बाईंनी तीनदा नंबर काढला, दोनदा मिटला. पाच वाजून चाळीस मिनिटांनी लावला.

“हं,” आई म्हणाली. “जेवलीस का?”

“आई, तो गेम…”

“झालं ना आता त्याचं. बदललाय म्हणे. चांगल्या आवाजाची बाई घेतलीय. बरं झालं. ठेवू?”

“ठेवू नकोस. आई, मी तुझं ऐकलंच नव्हतं. वर्षापूर्वी. बटण दाबून पुढे गेले होते. मला आज कळलं तू त्यात आहेस.”

बाईंनी डोळे मिटून घेतले.

“म्हणजे ती सात मिनिटं तू ऐकलीच नाहीस?”

“नाही.”

आणि आई हसायला लागली. आधी नाकातून, मग चांगली खदखदून, खोकला येईपर्यंत. “अगं मग असं सांग की! मी मेली वर्षभर झुरतेय, की आपलाच आवाज वाईट म्हणून! थांबली नाही होय! तू गं कुठं थांबतेस? पोटात नाही थांबलीस, आठव्या महिन्यातच बाहेर! त्यात काय नवीन?”

घुम्याचा हिशोब साफ चुकला होता. त्यानं वर्षभर जे झाकून ठेवलं, त्याचं आईला काहीच वाटलं नाही. लेक थांबत नाही, हे ती लेकीच्या उंचीइतकं सहज धरून चालली होती. बाईंना यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

आता आईला वाट मिळाली होती. ध्वनिमुद्रणाला दोन दिवस लागले, फळ्यांवरून सपाता घालून चालवलं, घुम्या सारखा “अजून हळू, अजून हळू” करत होता. “मी म्हटलं, मेल्या, याहून हळू चालले तर मागे जाईन!” मग तिचा आवाज जरा उतरला. “पण तुझं वाचलं ना, आणि बोलणंच कमी केलं मी. तीस वर्षं त्या खुर्चीत बसले. लोकांचा नुसता श्वास ऐकून सांगायचे कुणाचा फोन आहे ते. म्हटलं, आपला आवाज असा असेल तर कशाला कुणाच्या कानाला त्रास. तुझ्याशीसुद्धा आपलं दोन शब्द बोलून ठेवून द्यायचे.”

“आई…”

“पण थांब,” आई म्हणाली. तिला काहीतरी सुचलं होतं. “तू माझं ऐकलंच नव्हतंस, तर ते खरखरीत, कंटाळलेला, राँग नंबर, ते कुणाबद्दल लिहिलं होतंस गं?”

खोटं तयार होतं. त्या पहिल्या “कोण?”ला दुसऱ्याच बाईचा आवाज होता, एवढं म्हटलं की भागत होतं. घुम्यानंही ते मुकाट्यानं निभावून नेलं असतं, त्याचा तर तो धंदाच. बाईंनी तोंड उघडलं, आणि ते खोटं बाहेर येईना.

“तुझ्याबद्दलच,” त्या म्हणाल्या. “‘कोण’ एवढंच ऐकलं होतं. मी ओळखलं नाही तुला.”

पलीकडे पंख्याची घरघर ऐकू येत होती.

“फोनवर मात्र ओळखतेस,” आई म्हणाली.

“फोनवर ओळखते की गं!”

“हो. तिथं नाव येतं.”

हे वाक्य बाईंच्या सगळ्या समीक्षांपेक्षा आखूड होतं. त्यांनी फोन गच्च धरून ठेवला, तोंडावर हात दाबला, हूं की चूं केलं नाही.

“नाक पूस आधी,” आई म्हणाली. “आणि मग बोल.”